घरचाच रखवालदार : विंडोजमधील ‘डिफेंडर’चे परीक्षण

संगणकाबरोबर फुकट आलेल्या वस्तूचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. विकतच्या अँटीव्हायरसची पेटी, तिच्यावरची ढाल आणि किती संगणकांसाठी किती वर्षे याचा हिशेब यांविषयी माणसे आपापली मते हिरिरीने सांगतात; पण विंडोजच्या पोटातच असलेल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरकडे मात्र, चाळीच्या दाराशी वर्षानुवर्षे स्टूल टाकून बसलेल्या रखवालदाराकडे पाहावे तसे, पाहूनही न पाहिल्यासारखे केले जाते. मीही तेच करीत होते. गिरगावात घरूनच भाषांतराचे आणि अक्षरजुळणीचे काम करताना संगणकाच्या कोपऱ्यातील त्या छोट्या ढालीवर हिरवी खूण दिसत राहिली, म्हणजे सारे ठीक आहे असे मी धरून चालले होते. गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकात स्पायवेअर, म्हणजे लपून राहून आपली माहिती चोरणारा प्रोग्राम, शिरले, हिरवी खूण मात्र जागच्या जागी राहिली, आणि त्यानंतर मी या रखवालदाराची पहिल्यांदा नीट ओळख करून घेतली. त्यानंतरच्या चार महिन्यांच्या वापरातून जे मत झाले ते येथे मांडत आहे.

प्रकरण सुरू झाले ते एका फोनने. ज्या प्रकाशनगृहासाठी मी नियमित काम करते तेथील संपादकांनी सकाळीच विचारले, “ताई, रात्री तुम्ही पाठवलेली फाईल उघडताना पासवर्ड मागते आहे, तो कळवता का?” मी रात्री काहीही पाठवले नव्हते. ईमेलच्या ‘सेंट’ कप्प्यात पाहिले तर पहाटे दोन वाजून काही मिनिटांनी माझ्या नावाने अकरा पत्रे गेलेली होती आणि प्रत्येकाबरोबर ‘सुधारित बिल’ अशा अर्थाच्या नावाची एक झिप फाईल जोडलेली होती. घाबरून मी त्याच संगणकावर बसून ईमेलचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सात पत्रे गेली. चोर घरात असताना त्याच्या देखत कुलूप बदलून नवी किल्ली खुंटीला अडकवावी, तसा तो प्रकार होता. पण हे समजायला मला आणखी एक दिवस लागला.

ईमेलला ओटीपी लावलेला असताना हे घडलेच कसे, हा माझा पहिला प्रश्न होता आणि त्याच्या उत्तरात आजच्या स्पायवेअरची सगळी करामत आहे. पूर्वी आपण ‘की-लॉगर’ हा शब्द ऐकत असू. कळफलकावरचा प्रत्येक ठोका टिपून तो दूरच्या माणसाकडे पाठवणारा हा प्रोग्राम सायबर कॅफेच्या काळात बदनाम झाला, आणि त्यावर उतारा म्हणून बँकांनी पडद्यावर माऊसने दाबायचा कळफलक दिला. आजच्या चोराला ठोके मोजत बसण्याची गरज उरलेली नाही. ब्राउझरमध्ये ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ या प्रश्नाला आपण वर्षानुवर्षे ‘हो’ म्हणत आलेलो असतो, आणि ते सारे पासवर्ड एका फाईलमध्ये साठलेले असतात. ही फाईल कुलूपबंद असते हे खरे, परंतु त्या कुलपाची किल्ली विंडोजकडे असते आणि आपल्याच नावाने चालणाऱ्या प्रोग्रामने ती मागितली तर विंडोज ती देते. त्याहून मोलाचा ऐवज म्हणजे कुकी. एकदा ओटीपी देऊन आत गेल्यावर संकेतस्थळ आपल्या ब्राउझरच्या हातात एक प्रकारचा पास देते, म्हणजे दर वेळी पुन्हा ओटीपी विचारावा लागत नाही. हा पासच उचलून नेला की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. गुगलने 2024 मध्ये क्रोमच्या 127 व्या आवृत्तीपासून विंडोजवरील कुकींना अधिकचे कुलूप लावले. काही काळातच चोरांनी त्यालाही वाट काढली.

आता हा पाहुणा आत आला कसा, ते सांगते आणि त्यात माझा वाटा झाकून ठेवत नाही. वर्षभरापूर्वी माझ्या संगणकाची जुनी हार्ड डिस्क बिघडली, म्हणून मी तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दिला. ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी इतकेच की, पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असला तरी मुंबईतला कोणीही संगणकाच्या सुट्या भागांसाठी निघाला की ‘लॅमिंग्टनला जातो’ असेच म्हणतो. दुकानाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथे जे झाले ते त्या एकाच दुकानात होते असे मुळीच नाही. तिच्या जागी नवी एसएसडी डिस्क बसवून झाल्यावर काउंटरवरच्या तरुणाने विचारले, “ताई, फुल लोड करून देऊ ना?” फुल लोड म्हणजे विंडोज, ऑफिस, चित्रांचे आणि पानजुळणीचे सॉफ्टवेअर, शिवाय मराठी फॉन्टचा संच, आणि या साऱ्याचे मिळून पाचशे रुपये. यांतील कशाचाही परवाना पाचशे रुपयांत येत नाही हे मला समजत नव्हते असे नाही. मी मान हलवली.

त्याच्या पेनड्राइव्हवरचा एक फोल्डर माझ्या डाऊनलोडच्या कप्प्यात तसाच राहून गेला होता. नंतर तो उघडला तेव्हा आत पासवर्ड लावलेली एक झिप फाईल आणि शेजारी ‘रीड मी’ नावाची साधी मजकुराची फाईल सापडली. मजकुराच्या पहिल्याच ओळीत अँटीव्हायरस बंद करा असे लिहिले होते, दुसऱ्या ओळीत झिपचा पासवर्ड होता आणि तिसऱ्या ओळीत ‘अडवले तर रन एनीवे दाबा’ अशा अर्थाची सूचना होती. या तीन ओळी मी बराच वेळ पाहत बसले. झिपला पासवर्ड लावण्याचे कारण एवढेच की, बंद पेटीत काय आहे ते राखण करणाऱ्या प्रोग्रामला पेटी उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि पेटी उघडण्याच्या क्षणी तो जागा असू नये, याची व्यवस्था पहिल्या ओळीने केलेली. चोराने दाराशी येऊन ‘कुत्रा बांधून ठेवा’ असे सांगावे आणि घरधन्याने तो बांधावा, याहून यात काही अधिक नव्हते.

मूळ मुद्द्यावर येते. डिफेंडर जागा होता तर त्याने काही का केले नाही? ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या पानावर गेले, तेथील ‘मॅनेज सेटिंग्ज’वर टिचकी मारली आणि पानाच्या अगदी तळाशी असलेल्या ‘एक्सक्लूजन्स’ या यादीपर्यंत आले, तेव्हा उत्तर मिळाले. या यादीत लिहिलेल्या जागा डिफेंडर तपासत नाही. माझ्या यादीत दोन नोंदी होत्या : एक पेनड्राइव्हवरून आलेल्या त्या फोल्डरची आणि दुसरी, पुढे काहीही न लिहिता, नुसती सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोज आणि सारे प्रोग्राम जेथे राहतात त्या संपूर्ण जागेची. म्हणजे वर्षभर माझ्या संगणकाचा रखवालदार स्टूलवर बसून होता, गणवेशात होता, हजेरीही लावत होता, फक्त ज्या इमारतीची राखण करायची ती त्याच्या यादीतून वगळलेली होती.

डिफेंडरच्या रचनेविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार येथेच आहे. वगळलेल्या जागांची यादी कितीही लांब असली तरी मुख्य पानावरची हिरवी खूण बदलत नाही. संपूर्ण सी ड्राइव्ह वगळणे हे काही साधेसुधे काम नव्हे. अशा नोंदीसाठी किमान पिवळा इशारा द्यायला हवा होता. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ नावाची एक सोय अलीकडे चालूच असते, आणि इतर कोणताही प्रोग्राम परस्पर डिफेंडर बंद करू पाहत असेल तर ती त्याला अडवते. पण घरगुती संगणकावर व्यवस्थापकाचा अधिकार असलेल्या माणसाने किंवा प्रोग्रामने या यादीत भर घातली तर ती सोय मध्ये पडत नाही. दार तोडता येत नाही, पण घरमालकाच्या सहीची चिठ्ठी आणली की आत जाता येते, आणि बेकायदा सॉफ्टवेअर बसवताना विंडोज जेव्हा ‘बदल करू देऊ का?’ असे विचारते आणि आपण ‘येस’ म्हणतो, तेव्हा ती चिठ्ठी आपणच लिहून दिलेली असते.

या उत्पादनाचा जन्म स्पायवेअरसाठीच झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. 2000 च्या सुमारास फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रामांच्या पोटात जाहिरातदारांसाठी माहिती गोळा करणारे तुकडे घालण्याची चाल पडली. गाणी आणि फाईली वाटून घेण्याचे प्रोग्राम बसवावेत तर त्यांच्याबरोबर ब्राउझरच्या माथ्यावर नको असलेल्या पट्ट्या येत, मुखपृष्ठ बदलत असे आणि जाहिरातींची चौकट मिटवावी तशी दुसरी उघडत असे. त्यांना हुडकून काढणारे ‘अ‍ॅड-अवेअर’ आणि ‘स्पायबॉट’ हे प्रोग्राम तेव्हा सीडीवरून हातोहात फिरत. अँटीव्हायरस बनवणारे बराच काळ या प्रकाराला व्हायरस मानायलाच तयार नव्हते, कारण वापरणाऱ्याने कुठेतरी ‘आय अ‍ॅग्री’ दाबलेले असे. नामांकित कंपन्याही या मोहातून सुटल्या नाहीत : 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत-सीडी संगणकात घातल्यावर नक्कल रोखण्यासाठी विंडोजमध्ये स्वतःला लपवणारा प्रोग्राम बसतो, हे मार्क रुसिनोविच या अभियंत्याने उघड केले आणि कंपनीला त्या सीडी मागे घ्याव्या लागल्या. त्याआधी, डिसेंबर 2004 मध्ये, मायक्रोसॉफ्टने ‘जायंट’ नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली होती. तिच्या स्पायवेअरविरोधी प्रोग्रामाची चाचणी आवृत्ती महिनाभरात मायक्रोसॉफ्टच्या नावाने बाहेर आली, 2006 मध्ये ती ‘विंडोज डिफेंडर’ या नावाने मिळू लागली आणि पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर ती संगणकातच येऊ लागली. तेव्हाचा डिफेंडर फक्त स्पायवेअर पाहत असे. 2012 मध्ये विंडोज 8 आले तेव्हा त्याच्याकडे व्हायरसचेही काम सोपवले गेले आणि तो पूर्ण अँटीव्हायरस झाला.

वगळलेल्या दोन्ही नोंदी काढून मी ‘फुल स्कॅन’ लावला. माझ्या संगणकावर त्याला तीन तास चाळीस मिनिटे लागली. तासाभरातच पहिला इशारा आला, तो ‘हॅकटूल’ या शब्दाने सुरू होणारा होता आणि विंडोजचा परवाना खोटा दाखवणाऱ्या हत्याराकडे बोट दाखवत होता. दुकानाला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “ताई, तो फॉल्स अलार्म असतो, अलाऊ करा.” हे उत्तर पूर्ण खोटे नाही आणि म्हणूनच धोक्याचे आहे. परवाना खोटा दाखवणारे हत्यार स्वतः पासवर्ड चोरतेच असे नाही. पण त्याच पुडीत दुसरे काय बांधले आहे ते पुडी बांधणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि काउंटरवरच्या त्या मुलाने ती बांधलेली नव्हती. त्यालाही ती कोणाकडून तरी मिळाली होती. दोन तासांनी दुसरा इशारा आला. त्या नावाची सुरुवात ‘पीडब्ल्यूएस’ या अक्षरांनी होती. मायक्रोसॉफ्टच्या नामकरणात ही अक्षरे पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामांसाठी वापरली जातात. ती फाईल एका ओळखीच्या प्रिंटर कंपनीच्या नावाच्या फोल्डरमध्ये बसली होती आणि संगणक सुरू झाला की दर वेळी चालू होत होती. मी बदललेला पासवर्ड दुसऱ्याच दिवशी चोराच्या हाती कसा गेला, याचा उलगडा झाला.

येथून पुढे या परीक्षणाचा सूर मी बदलणार आहे, कारण यादी रिकामी झाल्यावर डिफेंडरने जे काम केले त्याला नाव ठेवण्यासारखे मला फार थोडे सापडले. त्याची मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे ‘ऑफलाईन स्कॅन’. स्कॅनच्या पर्यायांमध्ये तो असतो आणि फारच थोडे लोक त्याला हात लावतात. तो निवडला की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण विंडोज पूर्ण उघडण्यापूर्वीच डिफेंडर एकटा जागा होतो आणि सुमारे पंधरा मिनिटे तपासणी करतो. स्वतःला लपवणारे स्पायवेअर विंडोज चालू असतानाच आपले रूप झाकू शकते. घरातले दिवेच लागलेले नसताना बुरखा घालणार तरी कोण? काम हातावेगळे करून उघड्या फाईली बंद केल्यावरच हा स्कॅन लावावा, एवढी सूचना देते.

‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या पानावर ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ असा विभाग आहे. त्यातील नको असलेली अ‍ॅप अडवण्याची सोय 2021 पासून आपोआप चालू मिळते, परंतु ज्यांचा संगणक कोणीतरी ‘लोड’ करून दिला आहे त्यांनी ती खरोखर चालू आहे का हे डोळ्यांनी पाहावे. पट्ट्या, खोटे ‘पीसी क्लीनर’, मोफत पीडीएफ बदलून देणारे संशयास्पद प्रोग्राम यांना ती दारातच थांबवते. ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सोय मात्र मी विचार करून बंद ठेवली आहे. अनोळखी प्रोग्रामला ती डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत लिहू देत नाही आणि खंडणीखोर व्हायरससाठी ती उपयोगी आहे; पण जुन्या मराठी फॉन्टप्रणालींवर काम करणाऱ्याला एकेक प्रोग्राम हाताने परवानगीच्या यादीत घालत बसावे लागेल, आणि परवानग्या देत सुटण्याच्या सवयीनेच मी येथवर आले होते.

एका सेटिंगवर माझे मत अजून स्थिर नाही. संशयास्पद फाईल सापडली तर डिफेंडर तिचा नमुना तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो. वैयक्तिक मजकूर असण्याची शक्यता असलेली फाईल पाठवण्यापूर्वी तो विचारतो, हे ठीक आहे. परंतु माझ्याकडे दुसऱ्यांची अप्रकाशित हस्तलिखिते असतात, करारपत्रे असतात. त्यामुळे राखण करणारा काय पाहतो आणि पाहिलेले कोणाला सांगतो, हा प्रश्न मला गैरलागू वाटत नाही. तो प्रश्न काल्पनिकही नाही. अवास्ट या प्रसिद्ध अँटीव्हायरस कंपनीची जंपशॉट नावाची उपकंपनी होती, तिच्यामार्फत ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. ती 2020 मध्ये बंद करावी लागली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीकडून 1 कोटी 65 लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश जाहीर केला. स्पायवेअरपासून वाचवणारेच जर हेरगिरी करू लागले तर वेगळे स्पायवेअर लिहायला कोणी हवेच कशाला! या कसोटीवर डिफेंडर निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, मात्र मायक्रोसॉफ्टला संगणकातले जे दिसायचे ते विंडोजमधून एरवीही दिसतेच. तिसऱ्या कंपनीला आणखी एक खिडकी उघडून देण्यापेक्षा मला हे बरे वाटते.

याचा अर्थ विकतचे अँटीव्हायरस टाकाऊ आहेत असा नाही. आपल्या मराठी माणसाला क्विक हीलचे कौतुक असते आणि ते रास्त आहे : कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात यंत्रदुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून ती कंपनी उभी केली आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारापर्यंत नेली. ई-स्कॅन बनवणारी मायक्रोवर्ल्ड ही कंपनी तर मुंबईचीच. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत आणि अडचण आल्यावर मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलणारे कोणी हवे आहे, तेथे या पैशाचे मोल वाजवी ठरू शकते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. दोन रखवालदार एकाच दारावर राहत नाहीत, आणि दोन ठेवले तर बळ दुप्पट होईल या समजुतीला काही आधार नाही.

दुसरे मत घ्यायचे असेल तर त्यासाठी वेगळी साधने आहेत. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती मी दोनदा चालवून पाहिली. तिची चाचणीची मुदत संपली की ती सतत पहारा देत नाही, सांगितले तेव्हाच तपासते, आणि दुसऱ्या मतासाठी तेवढेच हवे असते. ज्यांना थोडी चिकाटी आहे त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘ऑटोरन्स’ जरूर उघडून पाहावा. संगणक सुरू होताना काय काय आपोआप चालू होते त्याची लांबच लांब यादी तो दाखवतो, आणि सोनीचे प्रकरण उघड करणाऱ्या रुसिनोविच यांच्याच कारखान्यातला तो आहे. पहिल्यांदा ती यादी पाहून डोळे फिरतात. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की ती आवाक्यात येते, आणि त्या प्रिंटरच्या नावाची दुसरी एक नोंद मला तेथेच सापडली. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या संस्थेने 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची साधने मोफत मिळतात, हे सांगितले तर आजही पुष्कळांना नवल वाटते.

डिफेंडर कोठे कमी पडतो तेही सांगायला हवे. ब्राउझरमधील विस्तार, म्हणजे एक्स्टेन्शन, बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी आपण दिली, तर त्यानंतरची हेरगिरी आपल्या संमतीची असते. माझ्या ब्राउझरमध्ये असे नऊ विस्तार निघाले आणि त्यांतील सहा कशासाठी घेतले होते ते मला आठवेना. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून संगणक दुरून चालवण्याचे सॉफ्टवेअर कोणी बसवले, तर ते सॉफ्टवेअर मुळात वैध असल्याने डिफेंडर त्याला बहुधा हात लावत नाही. कळफलकाची वायर आणि संगणक यांच्या मध्ये बसवलेला, पेनड्राइव्हच्या टोपणाएवढा की-लॉगर तर कोणत्याच सॉफ्टवेअरला दिसणे कठीण. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत काढताना ईमेल उघडावे लागले, तर संगणकाच्या मागच्या बाजूला एकदा वाकून पाहावे. पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयीही लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नेमलेल्या समितीला तपासलेल्या 29 फोनपैकी 5 फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच आहे असे ठरवता आले नाही. ते शस्त्र सरकारांना विकले जाते, त्याचा रोख निवडक माणसांवर असतो आणि त्याचे क्षेत्र फोन आहे. विंडोजमधल्या डिफेंडरकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. माझ्यासारखीच्या वाट्याला येतो तो भाड्याने मिळणारा, ठोक भावाने पसरवलेला चोर, आणि त्याला अडवण्याइतका डिफेंडर निश्चितच सक्षम आहे.

मात्र गेलेले परत आणणे कोणत्याही स्कॅनला जमत नाही. सफाई झाल्यावर मी सासऱ्यांचा फोन घेऊन बसले आणि त्यावरून, माझ्या संगणकावरून मुळीच नाही, एकेक पासवर्ड बदलला. जेथे ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ असा पर्याय होता तेथे तो वापरला, कारण चोरलेले पास रद्द होतात ते त्यानेच. चौतीस खाती निघाली. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला नव्हता म्हणून पैसे वाचले. ते गेले असते तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर लगेच फोन करणे आणि बँकेला तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवणे, या दोन गोष्टींना फार महत्त्व आले असते. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात त्या मुदतीत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटले होते. माझ्या बाबतीत ग्राहकाची चूक नव्हती असे मला छातीवर हात ठेवून म्हणता आले असते का, ते मात्र वेगळे.

शेवटी मी संगणक पुसून विंडोज 11 नव्याने बसवले, या वेळी परवाना विकत घेऊन आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या प्रतीने. दुकानात जाण्याऐवजी आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते काम घरीच झाले. रोजच्या कामासाठी साधे खाते केले आणि व्यवस्थापकाचे खाते वेगळे ठेवले, म्हणजे ‘येस’ म्हणण्यापूर्वी पासवर्ड लिहावा लागतो आणि तेवढ्या अवधीत विचार करायला सवड मिळते. पानजुळणीसाठी स्क्रायबस आणि चित्रांसाठी इंकस्केप ही मोफत सॉफ्टवेअर घेतली. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्टही रीतसर फुकट आहे, मग चोरीचा कशासाठी? ज्यांना अजून विंडोज 10 वरच राहावे लागणार आहे त्यांच्यासाठी एक खुलासा : 14 ऑक्टोबर 2025 रोजी त्या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा संपला असला तरी डिफेंडरला नव्या चोरांची ओळख पटवणारी माहिती 2028 च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणार आहे. रखवालदार जागा राहील. भिंतींची नेहमीची डागडुजी मात्र थांबली आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वगळलेल्या जागांची यादी उघडून पाहते आणि ती रिकामी असते. प्रकाशनगृहातले संपादक मात्र अजूनही माझी फाईल आली की आधी फोन करतात, मी ती पाठवल्याचे माझ्या तोंडून ऐकतात आणि मगच ती उघडतात.